यूसुफची मुलगी, वय अकरा

मी एक जुनी नोंदवही बोलतेय, दफनांची. लेबनॉनच्या डोंगरातल्या एका गावच्या चर्चमध्ये, मेणबत्त्यांच्या कपाटात माझा मुक्काम असतो. गावात जो गेला तो माझ्यात आला, एवढंच माझं काम.

माझी पहिली पानं भरली अबूना मिखाईल यांनी. अबूना म्हणजे आमचे पाद्री. माणूस देवासारखा, पण एक खोड होती. पुरुषाचं नाव बापआजासकट लिहायचे, बाईचं मात्र नाही. "परक्याच्या तोंडी आपल्या लेकीबाळींची नावं कशाला?" म्हणायचे आणि नुसतं लिहायचे, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. त्यात त्यांना घराची अब्रू राखल्यासारखं वाटे. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं.

मग टोळधाड आली, पाठोपाठ उपासमार. माझी पानं भराभर भरू लागली. माझी थोरली बहीण, बाप्तिस्म्याची वही, एका हिवाळ्यात कुणाच्या तरी शेकोटीत गेली. मी कशी वाचले, कोण जाणे.

पुढे शंभर वर्षं मला कुणी विचारलं नाही. परवापरवा दोन मुली कॅमेरा घेऊन आल्या. हळुवार हातांनी पान न् पान उलटून त्यांनी फोटो काढले. आता म्हणे कुणीही, कुठूनही, फुकटात मला वाचतं. म्हातारपणी मी जरा फुगलेच.

काल अठ्ठ्याऐंशी वर्षांचे शाहीन आले, नात रिंदालाचा हात धरून.

"फोटोत पानाची कडा कापली गेलीय म्हणतात जिद्दो," रिंदाला हल्लीच्या पाद्र्यांना म्हणाली. "तीनदा मोठं करून दाखवलं. पण ऐकतील तर ते माझे आजोबा कसले!"

"तू गप गं. मोबाइलला काय कळतंय?"

मला उघडलं. ओळ सापडली: 'यूसुफची मुलगी, वय अकरा.' पुढे कोरा कागद. कडा शाबूत होती. शाहीन त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

"माझ्या बाबांची बहीण," ते पाद्र्यांना म्हणाले. "आपली भाकर धाकट्या भावाला द्यायची. ती गेली, बाबा जगले, म्हणून मी आहे. नाव विचारलं की बाबा नुसते रडायचे. येत्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत उपासमारीत गेलेल्यांची नावं वाचाल ना? तिचं एकदा तरी वाचलं जावं, एवढंच मनात होतं."

"'यूसुफची मुलगी' असं वाचतील की, जिद्दो."

"ते तर यूसुफचंच नाव झालं, पोरी."

त्यांनी मला मिटलं, आणि मला फार वाईट वाटलं. कारण तिचं नाव मला ठाऊक आहे. त्या दिवशी कबरीपाशी मी अबूनांच्या हातात उघडीच होते. तिची आई खड्ड्यावर ओणवून म्हणत होती, "हिलाने, ऊठ गं, भाकर आणलीय." अबूनांनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि सवयीनं नाव गाळलं.

जे शाईनं लिहिलं नाही, ते मला कुणाला दाखवता येत नाही. तुम्ही मात्र माझं ऐकलंत. रविवारच्या आत शाहीनना कुणीतरी सांगा हो. हिलाने. तिचं नाव हिलाने होतं.