हानासाठी बोललेला नवस

१९३९ साली युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यूंना घरी ठेवून घ्या, अशी विनंती आमच्या मुंबईच्या समितीनं केली. शहापुरात आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, दोनच घरं. पण मी, कंपाउंडरची बायको रिबका, मागं राहते होय? लगेच नाव दिलं. मूलबाळ नव्हतं, खोली रिकामीच होती.

आली ती प्रागची हाना. बावीस वर्षांची, हातात एकच पेटी. नाव आमच्यातलं, बाकी सगळं परकं. तिची आई मागाहूनच्या बोटीनं येणार होती. ती आली की दोघी मामाकडे ऑस्ट्रेलियाला जाणार होत्या. महिन्याभरात पोर भाकरी थापायला लागली, आमच्यासारखं "नाय" म्हणायला लागली. मला ती पोटचीच वाटू लागली.

आमच्यात नवस फेडताना आमचा संदेष्टा एलियाहू हन्नबी याच्या नावानं मलिदा करतात, म्हणजे गूळखोबऱ्याचे पोहे आणि फळं. एकदा शेजारच्या सकुबाईसमोर मी बोलून गेले, "ही पोर इथंच राहू दे, मलिदा करीन."

"असं बोलू नको गो," सकुबाई म्हणाली. "तिची आय तिकडं वाट बघत आसंल."

मी तिलाच फटकारलं. माझा स्वभावच तसा.

नवी माणसं आली की त्यांना उतरवून घ्यायला मी आसनगाव स्टेशनवर जायची. हानाही येऊ लागली. चहा द्यायची, सामान बैलगाडीत चढवायची, मुरबाडला माझ्या दिराकडे त्यांना पोचवून यायची. पण आधी प्रत्येक वयस्क बाईचं तोंड निरखायची. त्यात तिची आई नसायची आणि मला बरं वाटायचं. सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

पुढं लढाईत माणसं यायची थांबली, पत्रंही थांबली. लढाई संपल्यावर समितीकडून कळलं, हानाच्या आईला बेचाळीस साली जर्मनांच्या छावणीत नेलं होतं. ती परतली नाही.

सात दिवस हाना आमच्या रीतीप्रमाणे सुतकात जमिनीवर बसून होती. आठव्या दिवशी चुलीपाशी आली. "मामाकडे नाय जाणार. इथंच राहते, आई."

या एका हाकेसाठी मी सहा वर्षं जीव टाकला होता. ती ऐकली आणि रडू आवरेना. नवस पावला होता. मी तिला सगळं सांगून टाकलं. माझं तोंड बघायचं नसेल तर जा, म्हटलं.

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मीपण बोलले होते," ती म्हणाली. "तुमची रीत बघूनच. आई आली की मलिदा करीन म्हणून."



"तुमचा तरी फेडायला पायजे," ती म्हणाली आणि पोहे भिजवायला उठली.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी मलिद्याची प्रार्थना सुरू केली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. हाना मात्र शेवटपर्यंत म्हणत होती.