दोन कोर्टांच्या मध्ये बांधलेली लाँच

मी नबिला बोलतेय, लाकडी लाँच. मी दुबईतल्या देरा धक्क्याची आहे, देऱ्याची आहे, असं घसा फाडून सांगितलं, पण एका माणसाने विश्वास ठेवला असेल तर शपथ!

रत्नागिरीच्या सुतारांनी मला सागातून घडवलं. मालक दोघे सख्खे भाऊ. थोरला माझा नाखवा झाला, धाकटा कमरुद्दीन अबुधाबीत एसीत बसला. थोरला वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, बानूने, पदर खोचला आणि मला चालवलं. माझ्यावरच तिची चूल पेटायची. तिचा मुलगा वासिफ मात्र मला नाक मुरडून अबुधाबीला नोकरीला गेला.

मग वाटणीचं भांडण पेटलं. दुबईचं कोर्ट म्हणालं, लाँच बानूकडे राहू दे. अबुधाबीचं कोर्ट म्हणालं, कमरुद्दीनला द्या. मी कुणाचं ऐकू? बसले धक्क्याला बांधलेली. उन्हाने फळ्या तडकल्या, इंजिनात मांजर व्याली.

"भाभी, अबुधाबी राजधानी आहे," कमरुद्दीन फोनवर गरजला. "राजधानीचं कोर्ट वरचं. खलास!"

बानूचा चेहरा उतरला. गावाकडे दिल्ली वरची, मग इथेही तसंच असणार, असंच आपल्या माणसांना वाटतं.

वकिलाच्या ऑफिसातली अनुराधा हसली. "बानूताई, ही दोन्ही कोर्टं बहिणी-बहिणी. थोरली कुणीच नाही. त्यांचं जुळेना, तर अख्ख्या देशाचं सर्वोच्च कोर्ट ठरवतं, कुणाचं चालणार."

"ते कुठे बसतं?"

"अबुधाबीत."

"मग बुडाले मी!"

"अहो, बसतं अबुधाबीत, पण अबुधाबीचं नाही ते!"

सवाल एकच उरला, माझं घर कुठलं? लाँच जिथली, तिथल्याच कोर्टाचा हुकूम चालणार. अबुधाबीच्या कोर्टाला कुणीतरी सांगितलं होतं की मी तिथल्याच बंदरात असते. खोटारडे मेले!

पण देऱ्यात आम्ही लाँची एकीला एक खेटून उभ्या राहतो. बाहेरच्या लाँचीवरच्या माणसाला धक्क्यावर उतरायचं तर आतलीच्या अंगावरून चालावं लागतं. शेजारचा दौलत नाखवा साक्षीत म्हणाला, "साहेब, चहा प्यायला जायचं तरी नबिलाच्या डेकवरूनच जातो मी. रोज! ती अबुधाबीत असती, तर मी काय पाण्यावरून चाललो?"

ही साक्ष वरपर्यंत गेली. आणि निकाल आला! लाँच देऱ्याची, हुकूम दुबईच्या कोर्टाचाच चालणार! बानू डेकवर अशी नाचली की माझ्या फळ्या करकरल्या. "यल्ला, इंजिन लावा रे!" मांजर पिल्लं तोंडात धरून पळाली. धडधड धडधड, अंगात पुन्हा जीव आला माझ्या!

माणसांनो, कोर्टात खुशाल भांडा, पण आमच्यासारख्यांचं घर तरी खरं सांगत जा.

तेवढ्यात कमरुद्दीन धक्क्यावर आला. मान खाली. बानू कडाडली, "कमरूभाई, सख्ख्या भावाची लाँच ही! कोर्टात खोटं बोलताना जीभ झडली नाही तुमची?"

"भाभी, मी जाणूनबुजून खोटं बोललो नाही. मी कधी धक्क्यावर फिरकलोय का? माझ्या ऑफिसातल्या पोराने छातीठोक सांगितलं, मी विश्वास ठेवला."

"कुठल्या पोराने?"



"तुझ्याच, भाभी. वासिफने."