एक घुंगरू कमी

आमचं ह्ये, म्हंजी नाथाजीराव, पयल्यापासनं कमीच बोलायचं. गुडघं गेलं, रानात ट्रॅक्टर आला, आन् गोठ्यातला शेवटचा बैल हौश्या इकावा लागला, तवापासनं तर तोंडाला कुलूपच. आटपाडीच्या बाजारातनं परत आलं ते हातात नुसतं त्याच्या गळ्यातलं दावं घिऊन. आमच्यात जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. गोठ्याची बरकत त्याच्यामागं जाती म्हणत्यात.

गोठ्यात हौश्याची घुंगरमाळ तेवढी टांगलेली हुती. दुपारचं वारं सुटलं की ती वाजायची, आन् ह्ये झोपेतनंच उठून रिकाम्या दावणीत वैरण टाकून यायचं. वर अर्ध्या डोळ्यांनी गालात हासत मला सांगायचं, "हौश्या भुकेजला हुता." मला लय भ्या वाटायचं. ह्यो माणूस एक दिवस त्या आवाजामागंच निघून जाईल, आन् मी हितं एकटी पडंन. म्हणून मीच सुनंला म्हणलं, "क्रांती, ही माळ मोबाईलवर इकून टाक बाई."

क्रांतीनं फोटू काढला, खाली 'चोवीस पितळी घुंगरं' आसं लिवलं.

"आत्या, हजार लावलं तरी हजार हातात येत न्हाईत बरं का. त्यातनं कंपनीची दलाली जाती, कुरिअरचं भाडं जातं, त्यावर आन् टॅक्स. सातशे राहिलं तर राहिलं."

"आगं, बाजारातला दलाल निदान उपरण्याखाली बोटं धरून भाव तरी करतो. ह्येचा हात कुठाय?"

"हात न्हाई. नुसतं कापतं."

"आन् माल परत आला तर?"

"आपली चूक निघाली तर जाण्यायेण्याचं भाडं आपल्याच बोकांडी."

"आपली कशाला चूक निघतीया," मी म्हणलं.

पुण्याच्या एका हाटेलवाल्यानं माळ घेतली, भिंतीवर लावाय. ह्येंनी स्वतः चिंच लावून ती घासली आन् खोक्यात बांधली.

मग गोठा गप झाला. वारं यायचं, छपराचं आडं हलवून जायचं. ह्ये भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. वैरणीला न्हाई उठायचं, जेवायला बी न्हाई. मी भाकरी कुस्करून तोंडाशी न्यायची, तर म्हणायचं, ऱ्हाऊ दे. मागितलं एक आन् पदरात पडलं दुसरं. मला माझाच राग आला.

आन् एक दिवस खोकं परत आलं. हाटेलवाल्यानं लिवलं हुतं, एक घुंगरू कमी हाय.

"आत्या, माळंचं पैसं तर गेलंच," क्रांती म्हणाली, "वर दोन्हीकडचं भाडं आपल्या अंगावर."

माझं डोसकं तापलं. मी तोंड उघडणार, तवर ह्ये बाजल्यावर उठून बसलं. बंडीच्या खिशात हात घातला आन् घुंगरू काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"दावं कोण देतं व्हय गं गिऱ्हाइकाला?"

किती दिसांनी बोललं. मला हसू बी आलं आन् रडू बी. काय भांडणार ह्या माणसाशी. मी घुंगरू दोऱ्यानं माळंत ओवलं आन् माळ जुन्या खुंटीला टांगून आले.

दुपार कलताना वारं आलं. गोठा वाजला. ह्येंनी डोळं मिटल्या मिटल्याच पाय खाली सोडलं.

"हौश्या भुकेजलाय."

"तुमी पडा," मी म्हणलं, आन् कडब्याची पेंढी घिऊन मीच गोठ्यात गेले.