दादाचा उजवा हात

घरात तिला सगळे बारकी म्हणत. ती कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा छापखान्यात कागद कापायच्या मशीनचं पातं तिच्या थोरल्या भावाच्या हातावर आलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. वडील कधीच गेलेले, त्यामुळे घर दादाच्याच जिवावर चाललं होतं, आणि बारकीचं कॉलेजही. आईने शिवणाचं काम दुप्पट केलं आणि दोघांनाही बजावलं की, शिक्षण सोडायची भाषा या घरात कोणी काढायची नाही.

दादा स्वभावाने हसरा. दवाखान्यातून आला त्याच दिवशी म्हणाला, "आता मला कोणी दहा कामं सांगायची नाहीत. सातच सांगा, बोटं तेवढीच आहेत." आई तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

कॉलेजात बारकीचं फारसं बरं चाललं नव्हतं. बाटल्या, फळं, पडद्याच्या चुण्या ती हुबेहूब काढायची, पण सरांचं समाधान होत नव्हतं. ते एकदा म्हणाले होते की, तुझा हात बसलाय, पण चित्रात कोणी राहत नाही. कुलूप लावलेल्या घरासारखी वाटतात तुझी चित्रं. ते तिला फार लागलं होतं. सुट्टीत रोज एक रेखाटन करून आणायला त्यांनी सांगितलं, तेव्हा काय काढावं या विचारात ती खिडकीपाशी बसली होती. समोर दादा शर्टाची बटणं लावायचा प्रयत्न करत होता. बटण काजात जायचं, अंगठ्याखालून निसटायचं, पुन्हा जायचं, पुन्हा निसटायचं.

"बघत काय बसलीस? काढ की," तो म्हणाला. "फुकटचा मॉडेल आहे. हलतो थोडा, एवढंच."

तिने कोळशाची कांडी उचलली. त्या दिवसापासून ती त्यालाच काढत गेली. डब्याचं झाकण छातीशी धरून उघडणारा दादा, भांग पाडताना कंगवा हातातून सुटलेला दादा, कप दोन्ही तळव्यांत लहान मुलासारखा धरलेला दादा. कधी नुसताच हात, टेबलावर ठेवलेला, टाक्यांच्या जागी कातडी चकचकीत ओढलेली. सुट्टी संपल्यावर सरांनी सगळी रेखाटनं जमिनीवर मांडली आणि एकेक वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आता कुलूप निघालं."

वार्षिक प्रदर्शनात तिला पहिलं बक्षीस मिळालं. तिथेच एका नावाजलेल्या कलादालनाच्या मालकीणबाईंनी ती चित्रं पाहिली. सगळे त्यांना मॅडम म्हणत. नव्या चित्रकारांचं प्रदर्शन त्या भरवणार होत्या. त्यांनी बारकीला भिंतभर जागा देऊ केली, पण आणखी बारा चित्रं हवीत आणि ती याच हाताची हवीत, असं स्पष्ट सांगितलं. कॉलेजात असताना अशी संधी शंभरात एकाला मिळते, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नकोस, असं सरांनीही बजावलं. ती घरी उडतच आली. सगळ्यांत जास्त आनंद दादाला झाला.

पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. दादा सुधारला होता. बटण आता एका दमात लागत होतं. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत त्याने सुईत दोरा ओवून दाखवला, तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली होती. डाव्या हाताने त्याचं अक्षर पूर्वीपेक्षा सुबक येऊ लागलं होतं. बारकी समोर कागद घेऊन बसायची, तोवर त्याचं काम उरकलेलंही असायचं. चित्रात एक माणूस शर्ट घालताना दिसायचा, दुसरं काही नाही. तिने अशी तीन चित्रं फाडली. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, पूर्वीसारखं कर ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. काय म्हणतेय ते त्याला लगेच कळलं. लावलेलं बटण त्याने सोडलं, पुन्हा काजापाशी आणलं आणि अंगठ्याखालून निसटू दिलं.

"असं?"

"हो. असंच. जरा थांब त्यात."

बाराच्या बारा चित्रं तशीच झाली. झाकण उघडता न येणारा, कंगवा पाडणारा, चमच्यातलं सांडणारा दादा त्याने तिला करून दाखवला. मधेच म्हणायचा, "नाटकात गेलो असतो तर नाव काढलं असतं." तीही हसायची. आई मात्र शिलाई मशीनवरून मान वर करत नसे. एकदाच म्हणाली की, देवाने बरं केलेलं असं मोडून दाखवू नये. बारकीने ते कानाआड केलं.

मॅडमना चित्रं फार आवडली. भिंतीवर लावायचा मजकूर त्यांनीच लिहिला आणि बारकीला वाचायला पाठवला. 'एका निकामी हाताची दिनचर्या' असं त्याचं शीर्षक होतं. निकामी हा शब्द तिला खटकला. पण मॅडमना या क्षेत्रात तीस वर्षं झाली होती, आपण काल आलेली पोर. तिने होकार कळवला.

उद्घाटनाला दादा इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन आला. त्याने मजकूर सावकाश वाचला, मग एकेका चित्रापुढे थांबत गेला. लोकांनी त्याला ओळखलं. वर्तमानपत्राच्या बातमीदाराने त्याला बटणाच्या चित्राशेजारी उभं करून हात वर धरायला सांगितलं. त्याने धरला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बारकीभोवती माणसं जमली होती, दोन चित्रं जागच्या जागी विकली गेली होती. दादाने वर धरलेला हात तिने पाहिला. जावंसं वाटलं, पण समोरचे गृहस्थ तिच्या रेषेबद्दल बोलत होते.

घरी आल्यावर दादाने शांतपणे विचारलं, "निकामी कोणी लिहिलं?"

"मॅडमनी."

"तू वाचलं होतंस?"

"हो."

त्याने इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला.

औषधांच्या एका गोदामात त्याची नोकरी जवळजवळ ठरलेली होती. खोक्यांवर चिठ्ठ्या लावून माल मार्गी लावायचं काम, पहिल्या तारखेपासून यायचं होतं. प्रदर्शनाचा फोटो छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मालकाचा निरोप आला की, जागा भरली. दादा जाऊन भेटून आला. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की, आम्ही पेपरात वाचलं, तुम्हाला झेपायचं नाही. दादाने तिथल्या तिथे चिठ्ठी चिकटवून दाखवायची तयारी दाखवली. मालकाने ओशाळून नको नको म्हटलं.

हे आईकडून कळल्यावर बारकी कोणाला न सांगता गोदामात गेली. फडताळांच्या रांगांमधून वाट काढत मालकाच्या टेबलापर्यंत पोचली. आपण कोण ते सांगून म्हणाली की, भावाचा हात आता चांगला चालतो, चित्रांतलं सगळं जुनं आहे.

मालकाने टेबलाच्या काचेखालून पेपरचं कात्रण काढलं. त्याने ते कौतुकाने ठेवलं होतं. "चित्रावर तारीख गेल्या महिन्याची दिसतेय, ताई. महिन्याभरात बोटं उगवली का?"

एवढंच सांगायचं होतं की, त्याने माझ्यासाठी नाटक केलं. वाक्य अगदी ओठांवर आलं. पण ते बोललं की बाराही चित्रं खोटी ठरत होती. चित्रं विकत घेणारे, मॅडम, सर, तिसऱ्या वर्षाला मिळू घातलेली शिष्यवृत्ती, सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढे आलं. मालक वाट पाहत होता. दुसऱ्याची भाकरी हिसकावून घेण्याचा त्याचा इरादा नव्हता, कोणी पटवून दिलं असतं तर त्याला हवंच होतं.

"चित्रकाराला थोडं वाढवून काढावं लागतं," ती म्हणाली.

"अहो, वाढवायला तिथे होतं काय?" असं म्हणून त्याने कात्रण परत काचेखाली सरकवलं.

दोन महिन्यांनी मामाच्या ओळखीने दादाला दुसऱ्या गावी काम मिळालं. वाहनतळाच्या फाटकाशी बसून पावत्या फाडायच्या. गोदामात जाऊन आल्याचं तिने त्याला कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं की नाही, तेही तिला कळलं नाही. जाताना त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीसारखी.

बारकीचं बस्तान बसत गेलं. शिष्यवृत्ती मिळाली, आणखी दोन प्रदर्शनांची बोलावणी आली. तिने रिकाम्या खुर्च्या काढल्या, आईचं मशीन काढलं. मॅडमनी ती चित्रं चाळली आणि विचारलं की, तो हात कुठे गेला? एकदा तिने धीर करून खरं काय ते त्यांना सांगितलं. मॅडम जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. तिला वाटलं होतं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाचा दर रविवारी फोन यायचा. एकदा तिने भेटायला येते म्हटलं.

"ये की. पण कागद आणू नकोस."

ती गेली. त्याची खोली पत्र्याची, पण नीटनेटकी होती. त्याने स्टोव्हवर चहा केला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, फाटकावर येणाऱ्या गाडीवाल्यांच्या नकला करून तिला हसवलं. हे सगळं चालू असताना त्याचा उजवा हात स्वेटरच्या बाहीत होता. चहा गाळताना, कप पुढे करताना, बिस्किटाचा पुडा दाताने फोडतानाही तो बाहेर आला नाही. घरात तो हात त्याने कोणापासून कधी लपवला नव्हता. मी बघणार नाही, असं म्हणावंसं तिला वाटलं. पण ते कसं म्हणायचं, ते सुचेना.

संध्याकाळच्या गाडीला तो तिला सोडायला आला. खिडकीपाशी उभं राहून त्याने विचारलं, "काय काढतेस सध्या?"

"काही नाही रे. असंच."

"काढत राहा," तो म्हणाला. गाडी हलली, तशी त्याने डावा हात वर केला.