कांद्याखालची बिस्किटं

सून भांडत नाही, ही हेडबाईंची तक्रार होती. आता ही तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडे? शेजारणीला सांगावं, तर ती म्हणणार, "माझ्या सुनेशी अदलाबदल करता का?" मुलाला सांगून पाहिलं होतं. तो टॉवेलने मान पुसत म्हणाला, "आई, घरात जरा शांतता आहे, तर ती तुला का टोचते?" बापावर गेला होता. तोही आयुष्यभर असाच भिंतीकडे बघून बोलायचा.

हेडबाईंची शाळा चौथीत सुटली. तरी सगळी बिल्डिंग त्यांना हेडबाई म्हणायची, ती काही उगाच नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्या एकतीस वर्षं होत्या, त्यातली वीस वर्षं चौदा बायकांवर मुकादम म्हणून. ओल्या चादरीला नुसता हात लावून ती कोणत्या बाईने पिळली आहे ते त्या सांगायच्या, आणि कधी चुकल्या नाहीत. पुढे मोठी यंत्रं आली, चौदाच्या तीन बायका राहिल्या. हेडबाई निवृत्त होईपर्यंत यंत्राने पिळलेल्या चादरीलाही हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "पिळलीय चांगली. पण कुणी?"

नऊ वर्षांपूर्वी सून घरात आली. पहिल्याच आठवड्यात हेडबाईंनी तिच्या हातातली चादर ओढली. "अशी घडी घालतात होय?"

सून एकदम गप्प झाली. नाकाने श्वास घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही दवाखान्याची घालता आई, मी घराची घालते."

हेडबाई तोंड वाकडं करून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून पदरात तोंड लपवून हसल्या. मनात म्हणाल्या, आहे, दम आहे. तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं, म्हणजे रोज वाजलं. सुनेची रीत ठरलेली: आधी गप्प, मग नाकाचा श्वास, मग तोफ. ती गप्प झाली की आतल्या खोलीत मुलगा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

सून लिफ्टच्या कंपनीत कामाला होती; बिल्डिंगची लिफ्टही त्याच कंपनीची. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबायचं, कंपनीत फोन वाजायचा आणि तिकडून सून किंवा तिच्यासारखी दुसरी कुणी बाई बोलायची. मेकॅनिक येईपर्यंत माणसाला धीर द्यायचा, एवढंच काम. पण ते सुनेला फार छान जमायचं. ती आधी थोडी गप्प राहायची. अडकलेला माणूस त्या शांततेत आपणहून बोलू लागायचा, की मला दमा आहे, की आत लहान मूल आहे, की मला खरं तर बायकोची भीती वाटतेय.

अशा बावीस बायका होत्या. मग मशीन आलं, म्हणजे माणसासारखं बोलणारं. कंपनीने सुनेला भिंतींना कापूस लावलेल्या एका खोलीत आठ दिवस बसवून वाक्यं वाचून घेतली आणि मशीनला तिचा आवाज दिला. घरी तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. वर्षाच्या आत बावीसच्या चार बायका राहिल्या. आता पहिला फोन मशीन घ्यायचं. माणसाने तीनदा "मला माणूस द्या" म्हटलं, तरच तो या चौघींपैकी एकीकडे यायचा. आणि या चौघी कशा बोलतात त्यालाही मशीनच मार्क द्यायचं. ठरलेली वाक्यं सोडली, की मार्क गेले. हसलं, उसासा टाकला, की गेले. तीन सेकंदांच्या वर गप्प राहिलं, तरी गेले. पंच्याऐंशीच्या खाली तीनदा गेलं, की घरी. सुनेचं दोनदा झालं होतं.

मग सून घरी सराव करू लागली. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून हेडबाईंनी ताट सरकवलं, तर म्हणाली, "तुमची अडचण मला समजते, आई. मी आपल्याला नक्की मदत करेन."

"आपल्याला?" हेडबाईंनी मागे वळून बघितलं, आणखी कुणी आलंय की काय.

त्या दिवशी सकाळी तर त्यांनी मुद्दाम कळ काढली. सुनेच्या इस्त्रीच्या कपड्यांवर ओला टॉवेल टाकला आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सुनेने टॉवेल उचलला. "काही हरकत नाही. तुमची भावना मला पूर्णपणे समजते." आणि गेली कामाला!

हेडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मधुमेहाची गोळी घेतली, पण वाढून ठेवलेल्या ताटाला शिवल्या नाहीत. कुणावर रुसल्यात ते बघायलाही घरात कुणी नव्हतं. बारा वाजता पिशवी घेऊन खाली उतरल्या, दोन किलो कांदे घेतले, आणि दुकानातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. पुडा कांद्याखाली. पूर्वी सून पिशवी उलटी करून तो शोधून काढायची आणि अर्धा तास गोंधळ घालायची. परवा पुडा सापडला, तर म्हणाली, "निवड तुमची आहे, आई." निवड म्हणे!

येताना लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला. वर एक पिवळा ठिपका तेवढा राहिला. हेडबाईंनी दार वाजवलं, हाका मारल्या. भरदुपारी बिल्डिंगमध्ये कोण असणार? त्यांनी लाल बटण दाबलं.

"नमस्कार. घाबरू नका. मी तुमच्यासोबत आहे."

सुनेचाच आवाज! हेडबाईंना इतकं हायसं वाटलं, की लगेच राग आला.

"सोबत आहेस तर मग सकाळी तोंडाला कुलूप का लावलंस? टॉवेल मी मुद्दाम टाकला होता!"

"तुमची भावना मला पूर्णपणे समजते. लिफ्टमध्ये किती व्यक्ती आहेत?"

"व्यक्ती? अगं, मी आहे मी! तुझी सासू!"

"धन्यवाद. एक व्यक्ती. मेकॅनिक चाळीस मिनिटांत पोहोचेल."

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: हे तर मशीन! दुसरीची साडी न विचारता नेसून दारात उभ्या राहिलेल्या मुलीकडे बघावं, तसं त्यांनी आवाज येत होता त्या भिंतीतल्या जाळीकडे बघितलं. "माणूस दे," त्या म्हणाल्या. "माणूस दे गं मेले. माणूस दे!"

टक् आवाज झाला.

"नमस्कार. घाबरू नका. मी तुमच्यासोबत आहे."

तोच आवाज आणि तीच वाक्यं. ही सून, की अजून ते मशीनच? एकतीस वर्षं हाताने पिळा ओळखणाऱ्या बाईला कानाने घरचं माणूस ओळखेना. त्यांनी विचारून बघितलं, "तू कोण?"

"मी मदत केंद्रातून बोलते आहे. कृपया शांत बसा. दीर्घ श्वास घ्या."

बसायची गरजच नव्हती. हेडबाईंचे गुडघेच खाली आले. कपाळावर घाम सुटला होता, आणि तो गार होता. बोटं थरथरत होती. पिशवीचा बंद हातात धरलाय की नाही, तेही कळेना.

"आपल्याला काही त्रास होतो आहे का?"

"मला? मला काय होतंय!" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण जीभ जड झाली होती. "तू तुझं बघ."

"आपण आज जेवण केलं आहे का?"

"पोटभर." हेडबाईंनी खोटं सांगितलं. यंत्रापुढे कसली कबुली द्यायची?

"आपल्याजवळ काही गोड पदार्थ आहे का?"

"नाही. कांदे आहेत."

"ठीक आहे. मी तुमच्या—"

आणि आवाज थांबला.

हेडबाई वाट बघत राहिल्या. एक. दोन. तीन. मशीन कधी गप्प बसत नाही, आणि त्या चौघींना गप्प बसायची मुभा नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चार. पाच. त्यांचं डोकं भिंतीला टेकलं. सहा.

मग जाळीतून नाकाने घेतलेला श्वास ऐकू आला.

"खोटं बोलू नका!" तोफ सुटली. "पोटभर म्हणे! सकाळचं ताट झाकलेलं तसंच असणार ओट्यावर! गोळी घेतलीत ना? घेतलीत! आणि कांद्याच्या खाली बघा, क्रीमची बिस्किटं आहेत. नाहीत म्हणून सांगा मला!"

"कसली बि—"

"आई! पिशवी उलटी करा! आत्ताच्या आत्ता!"

पिशवी उलटी झाली. कांदे अंधारात चारी दिशांना घरंगळले. हेडबाईंनी दातांनी पुडा फोडला.

"खाताय?"

"हं."

"किती?"

"एक."

"चार खा. चावताना मला ऐकू आलं पाहिजे. नऊ वर्षं तुमच्या हातातून हिसकावून घेतली ही बिस्किटं, आणि आज मलाच सांगावं लागतंय खा म्हणून. पाचवं मात्र खाल तर बघा!"

हेडबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या तोंडात बिस्किट धरूनच म्हणाल्या, "आवाज कुणावर चढवतेस? मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठ्यांनी ओले टॉवेल टाकू नयेत!"

"मार्क जातील ना गं तुझे?"

"गेले. टॉवेलचं बोला."

चाळीसची पन्नास मिनिटं झाली. टॉवेल झाला, चादरीची घडी झाली, सहा वर्षांपूर्वी मोडलेला मिक्सर कुणी मोडला तेही पुन्हा निघालं. मध्ये हेडबाई गप्प झाल्या, की पलीकडून हाक यायची, "झोपायचं नाही! मिक्सर तुम्हीच मोडलात!" आणि त्या खडबडून उत्तर द्यायच्या. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा त्याला वाटलं, आत दोन बायका आहेत.

"दुसऱ्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"माझी सून आहे ती," हेडबाई ताठ मानेने म्हणाल्या. "कांदे उचल."

संध्याकाळी सून आली. चपला दारातच राहिल्या, एक सरळ, एक उलटी. ती हेडबाईंसमोर स्टुलावर बसली. कपाळाला हात लावून बघितला, मनगट धरून ठेवलं.

"किती मार्क?" हेडबाईंनी विचारलं.

"एकतीस."

आतल्या खोलीत मुलाने टीव्ही बंद केला.

"सुपरवायझरने स्वतः ऐकलं सगळं. मिक्सरपर्यंत आला आणि हसला. म्हणाला, घरच्या माणसाचा फोन होता, हे मार्क धरत नाही. फक्त एवढं लिहून द्या, की तुमचं भान सुटलं होतं आणि यापुढे ठरलेलीच वाक्यं बोलाल."

"मग?"

"मी म्हटलं, भान सुटलं नव्हतं. सही नाही केली." सून खाली बघत होती. "महिनाअखेरपर्यंत ठेवतील. मग बघू. आई, दिवसभर माझ्याच आवाजात ते मशीन माझ्या कानात बोलतं. घरी आले तरी तोंडातून तेच येतं. माझं स्वतःचं बोलणं कसं होतं तेच मला आठवेना. आज तुम्ही 'कांदे आहेत' म्हणालात ना, तेव्हा मला स्क्रीनवर लिहून आलं, 'ग्राहकाचे म्हणणे मान्य करा.' मी मान्य करायलाच निघाले होते. अर्धं वाक्य बोललेही होते."

ती गप्प झाली. हेडबाईंनी सवयीने मोजायला सुरुवात केली, पण या खेपेला तोफ येणार नव्हती. नाकाचा श्वास आलाच नाही. हेडबाईंनी तिच्या हातातलं आपलं मनगट सोडवलं आणि तिचाच हात आपल्या हातात घेऊन घट्ट पिळला, ओल्या चादरीचा पिळा बघावा तसा. मग म्हणाल्या,

"ऐक. सही केली नाहीस, ते चांगलं केलंस. केली असतीस, तर मी स्वतः जाऊन फाडून आले असते. पण सासूला खोटारडी म्हणालीस, तेही सगळं रेकॉर्ड होत असताना! चार माणसं ऐकणार ते. उद्धट आहेस तू. पहिल्या आठवड्यापासून उद्धट आहेस. महिन्याच्या शेवटी ते तुला ठेवोत नाहीतर काढोत, या घरात मला तू अशीच लागतेस. आणि मिक्सर मी मोडलेला नाही."