कोरडे पाय

दुपारी तीनला वस्तीवर गोळीबार सुरू झाला. गुरं पळवायला आलेल्यांनी आधी गोठा पेटवला, मग दारातून बाहेर पडेल त्याला टिपलं. म्हातारा कुओल धुरातून वासरू ओढत निघाला. वासरू सुटलं, कुओल उंबऱ्यावरच पडला.

सुईण न्यारुओत कळा देणाऱ्या न्यापालला कमरेएवढ्या पाण्यातून लव्हाळ्यात घेऊन आली. तिथे न्यापालचा दीर गात्केक होडी लपवून बसला होता. पलीकडच्या बेटावर बंदूकवाले जात नसत; पण मधलं पाणी उघडं.

"पोर कधी होणार?" त्याने कुजबुजत विचारलं. "होडीत रडलं तर आवाजावर गोळ्या घालतील."

"आणि इथे रडलं तर?"

"तर निदान मी पळू तरी शकेन."

"वा रे शूर!"

एरवी न्यारुओत आवाजावरून ओळखायची. बाई बोलते तोवर वेळ असतो. आवाज छातीत उतरला की पोर आलंच. पण न्यापालच्या तोंडात फडकं कोंबलेलं. न्यारुओतने तिच्या घोट्यापासून तळवा वर नेला. कळा वाढतात तसा पायाचा गारवा वर चढतो; गुडघ्याला पोचला की वेळ झाली. गुडघ्यापर्यंत गार!

"हलायचं नाही. आत्ताच होतंय."

मागे लव्हाळ्यात एक बाई किंचाळली. कोयत्याचे घाव ऐकू आले, मग काहीच नाही.

न्यारुओतचा हात स्वतःच्या पोटरीला लागला. तीही गारच.

"माझं डोकं फिरलंय. पाण्यातून आलोय आपण! वळ पोरी, लुगडं वर घे."

ढुंगणाच्या फटीत कळांबरोबर खालून वर चढत जाणारी जांभळट रेघ जेमतेम अर्ध्यावर होती. माकडहाडाच्या वरचा भागही अजून फुगलेला नव्हता.

"वेळ आहे. काढ होडी."

"आत्ता तर हलू नको म्हणालीस!"

"आता हल म्हणतेय."

न्यापालने फडकं काढलं. "आत्या, नक्की ना?"

"पहिलटकरीण तू. सावकाश होईल." रेघ कधीकधी फसवते, हे ती बोलली नाही.

उघड्या पाण्यात शिरताच काठावरून गोळी आली. गात्केकचा कान उडाला. रक्त मानेवरून ओघळत असताना तो शिव्या गिळत वल्हवत राहिला. दुसरी गोळी होडीच्या कडेला लागली. मग काठ मागे पडला, पण माणसं काठाकाठाने धावू लागली.

पुन्हा कोंबलेल्या फडक्याआडून न्यापाल कण्हली. आवाज छातीतून आला होता.

उन्हाने तिचे पाय एव्हाना वाळले होते. न्यारुओतने घोट्यापासून हात वर नेला.

गुडघ्यापर्यंत गार. बेट अजून दिसत नव्हतं.