पांढऱ्या गाडीची साल

“पुसू नका.” वासितोचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. यू पार्तीचा ओला फडका बॉनेटवर टेकता टेकता हवेतच थांबला.

“अहो, पाखराने घाण केलीय. पुसते नि मोकळी होते.”

“वाळलीय ती. आता घासली की खडे घासल्यासारखी ओरखडत जाईल. भिजू दे आधी.”

त्याने मऊ फडका कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तसा त्या डागावर अलगद ठेवला. मग शेजारी उकिडवा बसून वाट बघू लागला. घरामागच्या कारखान्यात कापडावरचं मेण उकळून काढायचं काम यू पार्तीचं, म्हणजे पार्तीताईचं. बाईच्या तोंडाला लगाम नव्हता.

“बायको आजारी पडली तर बसता का असे उशाशी?”

“तिला कुठे वरून साल लावलीय?”

“लावली असतीत तर बरं झालं असतं. इतकी वर्षं संसारात घासून घासून तिचाच रंग गेलाय.”

वासितो हसला. आज त्याला कशाचंही हसू आलं असतं. आज गाडी त्याच्या घरी जायची होती.

गाडी पांढरी होती, मोत्यासारखी झाक असलेली. ती नवी आणली तेव्हाच शहरातल्या एका दुकानातून तिच्या रंगावर सगळीकडून पातळ, पारदर्शक फिल्म चढवून घेतली होती. वासितो तिला साल म्हणायचा, आणि हळूहळू सगळं घरच साल म्हणायला लागलं. मालकीणबाई बू हार्तिनी म्हणजे बाटिकच्या, मेणाने नक्षी उठवलेल्या कापडाच्या, जुन्या व्यापारी, जावातल्या सोलो शहरात त्यांच्या शब्दाला वजन. पण वय झालं तसं त्यांचं बाहेर जाणं कमी झालं होतं. त्यामुळे वासितो नावाला ड्रायव्हर उरला होता. गाडी चालवायची थोडी आणि तिची साल सांभाळायची फार.

ती त्याने तळहाताच्या फोडासारखी जपली. उन्हात धुवायची नाही, साबण वाळून डाग पडतात. साबणाची बादली वेगळी, फडका खळबळायची वेगळी. पाइपचा जोर कडांवर मारायचा नाही, पाणी आत शिरलं की साल सुटते. डांबर उडालं तरी पेट्रोलचा बोळा लावायचा नाही. अंगणात चिकूचं झाड होतं, रात्री त्यावर वटवाघळं यायची, म्हणून गाडी कधी त्याखाली उभी राहिली नाही. बारीक चरे उठले की त्यांवर गरम पाणी ओतायचं आणि बघत राहायचं. चरे हळूहळू मिटत जायचे. हे बघताना वासितोला दर वेळी नवल वाटायचं, आणि दर वेळी तो कुणाला तरी हाक मारून दाखवायचा.

एवढी माया फुकटची नव्हती, हेही सांगायला हवं. गाडी एक दिवस आपली होणार हे त्याला ठाऊक होतं.

सोलोमध्ये पहिल्यांदा विचारल्यावर ‘हो’ म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर फार उपाशी. देणाऱ्याने द्यायचं, घेणाऱ्याने नको म्हणायचं. पुन्हा द्यायचं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा कुणी म्हणालं, की मान खाली घालून पुटपुटायचं, आपण म्हणता तर. बू हार्तिनी तर या रीतीच्या राखणदारच. मुलासाठी सांगून आलेल्या एका मुलीने पहिल्या विचारण्यालाच चहाचा कप उचलला, तेवढ्यावरून त्यांनी ती सोयरीक मोडली होती. रोज संध्याकाळी वासितो घरी निघाला की त्या ओसरीवरून म्हणायच्या, “चहा घेऊन जा, वासितो.” आणि वासितो म्हणायचा, “पुढच्या वेळी, बू.” इतक्या वर्षांत ती पुढची वेळ काही आली नव्हती. यू पार्ती म्हणायची, “एकदा हो म्हणून बघा. घरात पाणी तापवायला कुणी नसेल.”

ईदला सगळी नोकरमाणसं बूंच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. अशाच एका ईदला त्या वासितोला म्हणाल्या, “साल काढायला येईल तेव्हा ही गाडी तूच घेऊन जा. तुझ्याइतकं तिला कोण सांभाळणार?” वासितो रीतीप्रमाणे म्हणाला, “नको बू, माझ्यासारख्याला एवढी गाडी कशाला?” पुढच्या ईदला त्या पुन्हा तेच म्हणाल्या आणि तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्या ईदला पाहुणे बसले होते. तो गुडघ्यांवर येताच बू हसून पाहुण्यांना म्हणाल्या, “हे बघा, गाडीचे मालक आले.” वासितोने डोकं आणखी खाली नेलं आणि म्हणाला, “आपली कृपा, बू.” त्याच्या लेखी व्यवहार पुरा झाला होता.

मग त्याच्या बायकोने, तुमिनीने, गाडीच्या जागेसाठी घरापुढचं कोंबड्यांचं खुराडं हलवलं. गल्लीतली माणसं एका रविवारी जमली, बांबू रोवले, पत्रे चढवले, तुमिनीच्या हातचं जेवून गेली. बूंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. “छप्पर घातलंस म्हणे?”

“हो बू.”

“बरं केलंस. उन्हात राहिली की पिवळी पडते.”

आता सालीच्या कडा फिक्या चहासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. दुकानदार म्हणाला, आणखी राहिली तर गोंद रंगाला धरून बसेल. बू म्हणाल्या, काढून टाक. दुकानात द्यायला वासितोचं मन होईना. त्याने नखं कापली, यू पार्तीच्या चुलीवरून स्वच्छ गरम पाणी आणलं आणि काम सुरू केलं. घरी तुमिनीने सकाळीच हळदीचा भात शिजत लावला होता. संध्याकाळी गाडी छपराखाली उभी राहिली की गल्लीला जेवण.

भिजलेला डाग निघाला. वासितोने बॉनेटच्या कोपऱ्यावर पाणी ओतलं, नखाच्या बोथट कडेने सालीचं टोक उचललं आणि वर न ओढता, रंगाला लागूनच, सावकाश मागे नेत राहिला. साल चुरचुरत सुटली. खालून पांढरा रंग असा निघाला की यू पार्ती बोलायची थांबली.

“आम्ही मेण उकळून काढतो ना,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “तेव्हा असंच होतं. खालचं नक्षीकाम एकदम वर येतं.”

बॉनेट मोकळं झालं, पुढचे दोन दरवाजे झाले. तेवढ्यात बूंचा मुलगा दानांग ओसरीवरून खाली आला. तो जकार्ताहून काल रात्रीच आला होता. त्याने बॉनेटवरून बोट फिरवलं, वाकून त्यात स्वतःचा चेहरा बघितला.

“आई, हे बघ तरी. शोरूममधून आत्ता काढल्यासारखी आहे. म्हटलं ना मी, माझ्या पोरीला, किरानाला, नवी कशाला घ्यायची?” मग वासितोकडे वळून तो मनापासून म्हणाला, “कमाल केलीत हं, वासितो. पोरगी जोगजाला कॉलेजला चाललीय. तिला नवी कोरीच मिळाली म्हणायची.”

वासितोच्या हातात सालीचा लांब पट्टा लोंबत होता. त्याने ओसरीकडे बघितलं. बू खुर्चीत बसून पदर सारखा करत होत्या. आधीच सारखा होता तो.

दानांग फोनवर बोलत आत गेला. वासितो हात पुसून ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. सरळ विचारणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याच्या बापाला जमलं नसतं, त्या शहरात कुणालाच जमलं नसतं.

“बू, ते छप्पर घातलंय घरापुढे. त्याचं काय करावं म्हणतो.”

बूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. “कोंबड्या होत्या ना तुमच्या?”

“होत्या.”

“मग ठेवा की परत.”

चिकूवर एक पाखरू ओरडलं. वासितो तिथून हलला नाही, म्हणून बूंना पुढे बोलावंच लागलं.

“मी काय विचारलं नव्हतं का तुला? चांगलं दोनदा विचारलं. तू नको म्हणालास. दोन्ही वेळा तूच नको म्हणालास, वासितो. आता माणसाच्या मनात शिरून कसं बघायचं?”

एका चहाच्या कपापायी सोयरीक मोडणारी ही बाई. ‘नको’ म्हणजे काय हे आख्ख्या शहराला शिकवणारी. आणि आज तिला त्याचा ‘नको’ नुसता नको वाटला. त्याची रीतच घेऊन तिने केसाने त्याचा गळा कापला होता. गाडी गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आपण चुकलो असं म्हणून आता आयुष्यभर मनाची समजूतही घालता येणार नाही. आपण काही चुकलोच नव्हतो.

“बरोबर आहे, बू,” तो म्हणाला, आणि गाडीकडे परतला.

यू पार्तीने सगळं ऐकलं होतं. पाण्याचं भांडं तिने दाणकन खाली ठेवलं.

“ओढा आता जोरात. गार पडल्यावर ओढा. येऊ दे रंगासकट.”

वासितोने मागच्या दरवाजावरच्या सालीचं टोक उचललं.

“तिकडे कॅनमध्ये पेट्रोल आहे. एक बोळा फिरवा, कोण विचारणार? साल काढताना झालं म्हणायचं.”

मागचे दरवाजे राहिले होते, डिकी राहिली होती. वासितो सालीचं टोक बोटांत धरून उभा राहिला. एक झटका पुरे होता. त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपण ही इतकी जपली नसती, दोन चरे पडू दिले असते, चिकूखाली चार रात्री उभी केली असती, तर मुलाने नाक मुरडलं असतं आणि गाडी आज आपल्या दारी असती. आपल्याच हातांनी आपण तिला दुसऱ्यासाठी नवी ठेवली.

“पाणी गार झालंय,” तो म्हणाला. “गरम आणा.”

“गाडीचा पुळका अजून गेला नाही का तुमचा?”

“गाडीने काय केलंय?”

यू पार्ती शिव्या पुटपुटत गेली आणि गरम पाणी घेऊन आली. तो सकाळसारखंच काढत राहिला, रंगाला लागून, सावकाश. जिथे गोंद राहिला तिथे साबणाचं पाणी लावून अंगठ्याने चोळलं. ऊन उतरलं तेव्हा काम झालं. पिवळट सालीचा ढीग भिंतीशी पडला होता. त्याने गाडी शेवटची धुतली, वरून खाली, दोन बादल्यांनी. आरशांच्या मागे अडकलेलं पाणीही टिपून घेतलं. मग किल्ली ओसरीच्या कठड्यावर ठेवली.

गल्लीत आता सतरंज्या अंथरल्या असतील. तुमिनीने भाताचा ढीग केळीच्या पानावर उतरवला असेल आणि ती कोपऱ्यावर येऊन हॉर्नची वाट बघत असेल. वासितोने भिंतीला टेकवलेली आपली जुनी सायकल काढली.

“चहा घेऊन जा, वासितो,” बू म्हणाल्या. तोंडातल्या तोंडात, सवयीने.

त्याने सायकल परत भिंतीला टेकवली.

“हो, घेतो,” तो म्हणाला.

चपला काढून तो पायऱ्या चढला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत बसला. फोन कानाशी धरलेला दानांग दारात येऊन बघतच राहिला. बूंनी आत हाक मारली, पुन्हा मारली. यू पार्ती मागच्या कारखान्यात होती. तिला ऐकू गेलं असेल, पण ती आली नाही. शेवटी बू खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या आणि स्वतः आत गेल्या.

आतून डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. चहा कुठल्या डब्यात असतो हे त्यांना माहीत नव्हतं. वासितो पाण्याने पांढरी पडलेली बोटं गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. उठला नाही.